एक्स्पोर्ट क्वालिटीची तक्रार

आमच्या काकूला येवल्याला जायचं होतं आणि मध्ये एक कंपायलर आडवा पडला. ही गोष्ट मी आजवर निदान साठ जणांना सांगितली असेल. त्यातल्या एकोणसाठ जणांनी "थापा मारू नको" असं तोंडावर सांगितलं. साठावे आमचे काका. ते स्वतःच गोष्टीत आहेत, म्हणून गप्प बसले. तेव्हा आता लिहूनच ठेवतो. बोललेलं लोक हसून सोडून देतात, लिहिलेल्याला निदान चष्मा लावतात.

आधी येवल्याचं प्रकरण. दिंडोरीच्या अलीकडे आमची द्राक्षबाग आहे. बाग काकांची, पण पानं काकूची. ऑक्टोबर छाटणी झाली, नवी पानं फुटली की रोज फटफटायच्या वेळी काकू बागेत जाते आणि पानांना हात लावून पाहते. दव किती पडलंय, ते किती वेळ टिकणार, याचा अंदाज ती तळहाताच्या मागच्या बाजूनं घेते. त्यावर त्या दिवशी डाऊनीसाठी फवारा मारायचा की नाही ते ठरतं. डाऊनी हा द्राक्षाचा असा रोग आहे की पान जास्त वेळ ओलं राहिलं तर काल हिरवीगार असलेली बाग आज तेल सांडल्यासारखी डागाळते. काकूच्या हाताला गावात इतका मान आहे की मी तर म्हणतो, काही पानं तिला लांबून येताना पाहूनच कोरडी होतात.

काकांच्या हाताचं मात्र उलट. पक्कड, तार आणि ट्रॅक्टर यांनी त्यांच्या तळव्याची अशी कातडी केलीय की त्यांना सगळंच कोरडं लागतं. त्यांचा हात गोदावरीत मनगटापर्यंत बुडवला तरी ते म्हणतील, "जरा सर्द लागू राह्यलं, बाकी काय नाय."

त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून, छाटणी ते काढणी या महिन्यांत काकू एकदाही रात्रभर बाहेर राहिलेली नाही. तिची धाकटी बहीण येवल्याला पैठणी विणते. तिकडे ती मागाला बांधलेली, इकडे ही वेलीला. त्या वर्षी या मावशीनं काकूसाठीच एक पैठणी मागावर चढवली होती. दिवाळी होऊन चार दिवस झाले असतील, तिचा फोन आला.

"ताई, सगळी झाली बघ. वीतभर राहिलीय. ती वीतभर मी तू समोर बसल्याशिवाय विणणार नाही. शनिवारपर्यंत माग तसाच ठेवते. पुढं दुसऱ्याचं काम रांगेत आहे."

काकूनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचं कारण होतं. दिवाळीच्या पाडव्याला श्रीखंडाच्या तिसऱ्या वाटीनंतर मी सगळ्यांसमोर बोलून गेलो होतो की काकूचा हात जे करतो ते चार बोटांचं एक यंत्र करील. आणि नुसतं बोलून थांबलो नव्हतो. नाशकातल्या माझ्या ऑफिसातून तीन आठवड्यांची रजा टाकून मी बागेत एक लोखंडी पाईप उभा केला होता. त्यावर एक डबी, डबीला पानासारखी एक पट्टी. पट्टीवर दव पडलं की डबीला कळणार, डबी शेडमधल्या जुन्या लॅपटॉपला सांगणार, लॅपटॉप काकूच्या मोबाईलवर निरोप धाडणार. काकू येवल्यात बसो की काशीत.

"यंत्र बोललं तर मी जाईन," काकू म्हणाली. "नाही बोललं तर तिला सांगते, पैठणी तशीच उतरव, राहिलेल्या वीतभराला मीच गाठ मारून घेईन. तू सांग, बोलेल का?"

"काकू, बोलेल काय, गाईल!"

तो सोमवार होता.

यंत्राचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं. म्हणजे पंगतीच्या आमटीसारखं: कृती सगळ्यांना खुली, कुणीही न्या, आपापलं तिखट-मीठ घाला. जगभरच्या हौशी लोकांनी ते लिहून ठेवलेलं. मला त्यात फक्त आमच्या घरचा फवारणीचा नियम घालायचा होता. आणि इथेच, फोन येण्याच्या दोन-तीन दिवस आधी, मी पहिली चूक केली होती. मी नियम विचारला. आणि दोघांनाही विचारला.

काका ओट्यावर बसून नियम सांगायला लागले ते चाळीस मिनिटं सांगत होते. त्यात दोन दुष्काळ, एक गारपीट आणि मेलेला एक बैल येऊन गेला. सगळं चाळल्यावर हाती आलं ते असं: "मांडवाखाली शिरलो का चष्म्यावर वाफ धरली पाह्यजे. आन पहिल्या चहाला ओलं असलेलं पान न्याहरीची भांडी घासून झाली तरी ओलंच पाह्यजे. मग मारायचा फवारा. ह्याच्यात तुह्या काकूला काय इचारायचं हाय?"

काकूनं हे आतून ऐकलं होतं. ती पदराला हात पुसत बाहेर आली. "त्यांचं लिहिलंस? खोड ते. चष्म्यावर वाफ म्हणे! चष्मा तरी पुसतात का कधी? नीट लिही. देवाला दिवा लावताना पान ओलं, आणि भाकरीचं टोपलं बागेत पोचलं तरी ओलं. आणि पदर मानेला चिकटायला लागला पाहिजे. तेव्हा फवारा. यांना एवढं कळत असतं तर मी इतकी वर्षं थंडीत कशाला मेले असते?"

मी दोघांचं ऐकून घेतलं, वेगवेगळ्या वेळी बसून दोघांचं आकड्यांत केलं आणि दोन्ही नियम प्रोग्रॅममध्ये घातले. वर एक अट टाकली: काकांचं ऐकायचं ठरलं असेल तर काकांचा नियम, नाहीतर काकूचा. शेजारी माझ्यासाठी म्हणून खुलासेही लिहून ठेवले. 'काका म्हणतात काकूला आभाळातलं कळत नाही.' 'काकू म्हणते काकांना ढग आणि धूर सारखाच दिसतो.' असे सतरा.

मंगळवारी सकाळी मी प्रोग्रॅम बांधायला घेतला. बांधायचा म्हणजे कंपायलरच्या हवाली करायचा. माणसानं लिहिलेलं वाचून ते यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. आमचा जुना लॅपटॉप या कामाला बसला की त्याचा पंखा ट्रॅक्टरमागच्या फवारणीच्या ब्लोअरसारखा ओरडायचा आणि बूड इतकं तापायचं की काकूनं त्याच्यावर विरजणाचं पातेलं ठेवलं होतं. दोन तासांत दही लागायचं, आणि कवडी पडावी असं. शेडमध्ये काका, काकू आणि मी पातेल्याकडे आणि पडद्याकडे आळीपाळीनं बघत बसलो होतो. पडद्यावर ओळी धावत होत्या. आणि एकदम सगळं थांबलं. पंखा थांबला. मी शपथेवर सांगतो, समोरच्या बाभळीवरचा होलासुद्धा घुमायचा थांबला.

पडद्यावर मजकूर आला. त्याचा अर्थ असा की, कंपायलरच्याच पोटात बिघाड झाला आहे, यात चूक तुमची नाही, कृपया याची सविस्तर तक्रार आमच्याकडे पाठवावी.

"काय म्हणतंय?" काकूनं विचारलं.

"तक्रार करा म्हणतंय."

"कोणाची?"

"स्वतःचीच."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "लय गरीब दिसतंय बिचारं," ते म्हणाले.

काकांचं खरंच होतं. उभ्या जन्मात मला अशी विनवणी कुणी केली नव्हती. आमच्या ओळखीच्या एका बसस्टँडावर तक्रारपेटी आहे, तिच्या फटीत गांधीलमाश्यांचं पोळं आहे आणि माश्या तक्रार घेऊन येणाऱ्याचा समाचार घेतात. अशा मुलखातल्या माणसाला समुद्रापलीकडून कुणी 'कृपया सविस्तर तक्रार पाठवा' म्हटलं की ऊर भरून येतो. हजारो लोक वापरतात तो कंपायलर, आणि तो पडला कुठे? तर आमच्या शेडमध्ये, दह्याच्या पातेल्याखाली! मी आनंदानं इतका उडालो की पातेलं लवंडलं. दही झालेलं होतं म्हणून वाचलं. ताक असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"पण यंत्र बोललं का?" काकूनं विचारलं.

"उद्या बोलेल. आज तक्रार लिहितो. ते लोक झटक्यात दुरुस्त करतात."

बुधवारचा अख्खा दिवस मी तक्रार लिहीत होतो. आता आमच्या घराण्याचा एक दोष सांगतो. आमची द्राक्षं परदेशात जातात. लहानपणापासून आम्ही पॅकिंग बघत आलो. घड उन्हाकडे धरायचा, डाग पडलेला मणी दिसला की बारीक कात्रीनं उडवायचा, तडकलेला उडवायचा, बारका उडवायचा, मग घडाच्या अंगची पांढरी पावडर पुसू न देता खोक्यात निजवायचा. समुद्रापलीकडे जे जाईल ते असंच गेलं पाहिजे, हे आमच्या हाडात आहे. मी तक्रारीला जोडायचा प्रोग्रॅम उघडला आणि माझा हात आपोआप कात्रीसारखा चालायला लागला. परक्या माणसाला काय दाखवायचं नि काय नाही? अर्धवट ओळी उडवल्या. वापरात नसलेलं उडवलं. वेडीवाकडी नावं सरळ केली. मग ते काका-काकूचं आलं. घरातलं भांडण चार भिंतींत राहिलेलं बरं. एवढ्या मोठ्या लोकांना कशाला कळायला पाहिजे की या घरात नवरा-बायकोचं फवाऱ्यावरून जमत नाही? मी सतराच्या सतरा खुलासे उडवले, अट उडवली आणि काकूचा नियम उडवून काकांचा एकट्याचा ठेवला. बाहेर घराचा एकच आवाज जावा. प्रोग्रॅम असा झाला होता की हार घालून ओवाळावा.

असं काही पाठवण्याआधी ते पुन्हा चालवून बघायचं असतं, हे मला माहीत होतं. पण इस्त्री केलेला शर्ट घालण्याआधी कुणी चुरगळून बघतं का? दिला पाठवून.

गुरुवारी सकाळी उत्तर आलं. लिहिणाऱ्यानं खाली नुसती दोन अक्षरं टाकली होती. बाई की बाप्या, काही पत्ता नाही. मजकूर चार ओळींचा. 'तुमचा प्रोग्रॅम मिळाला. फार नीटनेटका आहे. आमच्याकडे तो कुठेही न अडता व्यवस्थित बांधला जातो. जो मोडतो तोच पाठवाल का? शक्य तर कापून लहान करा, मात्र कापल्यावरही तो मोडला पाहिजे.'

मी धावत शेडमध्ये गेलो आणि तो हार घातलेला प्रोग्रॅम आमच्याच लॅपटॉपवर चालवला. सरळ बांधला गेला. एक शिंक नाही, खोकला नाही.

काकूनं माझं तोंड पाहिलं. "काय केलंस रे?"

मी सांगितलं. सगळं नाही, पण ती दारात उभी राहिली की माणसाच्या तोंडून सगळं सांडतंच.

"म्हणजे आजार दाखवायला निघालास," ती म्हणाली, "आणि डॉक्टरकडे जाताना तोंडाला पावडर लावून गेलास होय?"

काका खाटेवर पडल्या पडल्या इतके हसले की खाटेची एक दोरी तुटली.

"आणि माझा नियम काढलास?"

आता मात्र काकांनी हसू आवरलं. ते उठून बसले. "आगं पण ह्या नियमावर यंत्र चालू राह्यलंय ना? मग झालं तर! माहा नियम हाय. तू जा खुशाल येवल्याला."

"तुमच्या नियमावर बाग टाकून जाऊ? त्यापेक्षा ती पैठणी मी बुजगावण्याला नेसवीन."

"मग तुहाच ठेव. आन तिकडून ब्लोअर पण तूच चालव. मी नाय तुह्या नियमावर ट्रॅक्टर काढणार."

असा पेच पडला. काकूच्या नियमाशिवाय काकू जाणार नाही. काकांच्या नियमाशिवाय ट्रॅक्टर निघणार नाही. दोन्ही नियम ठेवून मूळचा प्रोग्रॅम बांधावा तर कंपायलर आडवा पडतो. आणि मावशीनं शनिवारपर्यंत माग थांबवलाय. दुपारी तिचा फोन आला. काकू "बघू, बघू" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन तिनं डाळ निवडायला घेतली. आमच्याकडे ती डाळ निवडलेलीच येते.

शुक्रवारी सकाळी मी मूळ फाईल जशीच्या तशी पाठवायला गेलो. बुधवारची कापलेली मावली होती, ही त्यांच्या पेटीत मावेना. सगळं मिळून अठ्ठेचाळीस हजार ओळींचं ते प्रकरण. कापायलाच पाहिजे होतं आणि कुठून कापावं ते मला कळेना, कारण परवा मी एका दमात शंभर ठिकाणी कात्री चालवली होती. नेमक्या कुठल्या कापण्यानं बिघाड पळाला, देव जाणे.

काकू स्टूल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. "ते काय म्हणालेत, पुन्हा सांग."

"कापून लहान करा, पण कापल्यावरही मोडला पाहिजे."

तिनं थोडा विचार केला. "ही तर थिनिंगच झाली. उलटी."

द्राक्षाच्या घडात छोटे छोटे झुपके असतात, त्यांना पाकळ्या म्हणतात, आणि त्यांत मणी दाटीनं लागतात. ते वेळीच विरळ केले नाहीत तर एकमेकांना चेपून फुटतात. म्हणून हंगामात बायका ओळीओळीनं कात्री घेऊन जादा मणी काढत जातात, त्याला सगळे थिनिंग म्हणतात. काकूच्या थिनिंगबद्दल मी इतकंच सांगतो की एकदा ती घडाकडे नुसती रागानं बघत होती तर चार मणी आपणहून गळले.

"घडात चांगले मणी ठेवतो नि नासका काढतो," ती म्हणाली. "इथे नासका ठेवायचा, चांगले काढायचे. पण हात तोच. एकेक मणी खुडत बसलास तर संक्रांत येईल. आधी अख्ख्या पाकळ्या काढ."

"म्हणजे?"

"अर्धा घड उडव. चालव. मोडला तर नासका राहिलेल्यात आहे. नाही मोडला तर उडवलेल्यात होता, तो अर्धा परत लाव आणि दुसरा उडव. देठाला हात लावू नको म्हणजे झालं."

माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे मला एवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. मी अर्धा उडवला. चालवला.

"पडला का?"

"पडला!"

"छान. पुन्हा अर्धा."

"पडला!"

आता काकाही उठून आले. अर्ध्या तासात आमच्या शेडमध्ये अशी मजा सुरू झाली की कंपायलर पडला रे पडला की आम्ही तिघं टाळ्या वाजवायचो. कुंपणापलीकडे काम करणारा शेजारी आवाज ऐकून आला. त्यानं विचारलं, "काय म्याच लागलीय का?" काका म्हणाले, "नाय भो, कंप्यूटर आडवा पाडू राह्यलो." तोही बसला. चोवीस हजार. बारा हजार. एकदा पडला नाही तेव्हा चौघांच्या तोंडून "अरेरे" निघालं आणि काकूनं मला अर्धा घड परत लावायला लावला. दुपारच्या जेवणापर्यंत तीनशे ओळी राहिल्या. भाकरी मी डाव्या हातानं खाल्ली. ऐंशी. चाळीस. कंपायलर इतक्या वेळा पडला की मला वाटतं शेवटी तो उठायचा कंटाळा करायला लागला होता. मी मध्येच दोनदा "पुरे आता" म्हणालो तर काकू म्हणाली, "अजून पाकळी जड आहे."

तीन वाजता नऊ ओळी उरल्या. त्यातली एकही काढली तर बिघाड नाहीसा व्हायचा. मी त्या नऊ ओळी वाचल्या आणि मला हसावं की लपावं ते कळेना.

"काय राहिलंय?" काकूनं विचारलं.

"तुम्ही दोघं."

"म्हणजे?"

"एवढा घड विरळला, आणि उरला काकांचा नियम, काकूचा नियम आणि कोणाचं ऐकायचं ही अट."

शेजारी मोठ्यानं हसला. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला शेतात मोटार चालू राहिल्याची आठवण झाली आणि तो गेला.

मी दोन्ही नियम एकाखाली एक धरून वाचले आणि तेव्हा मला दिसलं. काकांचा पहिला चहा आणि काकूचा देवापुढचा दिवा एकाच वेळी होतो. न्याहरीची भांडी घासून होतात तेव्हाच भाकरीचं टोपलं बागेत पोचतं. मी दोन्हीकडे चार तास लिहिले होते. चष्म्यावर वाफ धरते ती ऊब आणि पदर मानेला चिकटतो ती ऊब, मांडवात थर्मामीटर धरून मीच मोजली होती, वेगवेगळ्या दिवशी, आणि दोन्हीकडे आकडा एकच लिहिला होता. फरक इतकाच की काकांनी ऊब आधी सांगितली होती नि ओल नंतर. काकूनं ओल आधी नि ऊब नंतर.

"कंपायलरचं काय झालं ते सांगतो," मी म्हणालो. "तो काम वाचवायला बघतो. दोन वाटा एकाच ठिकाणी जात असतील तर त्या एक करून टाकतो. त्यानं तुमचे दोन नियम पाहिले, त्याला कळलं की दोघं एकच बोलताहेत, दोघांना एक करायला गेला आणि तिथेच कोसळला."



"एकच?" काका म्हणाले.

"शब्दाला शब्द."

"मग इतकी वर्षं आपण भांडलो ते?" काकूनं विचारलं.

"ते मला इचारू नको," काका म्हणाले. "त्यो कंपायलर मेला तिथं, मी कशाला हात घालू?"

मग काकू हसायला लागली. ती हसली की आवाज होत नाही, नुसतं स्टूल हलतं. त्या दिवशी स्टूल दारापर्यंत गेलं.

नऊ ओळी पाठवायच्या होत्या, पण त्यात घरचं भांडण सगळं आलं. आता पावडर लावायची सोय नव्हती. मी काकांकडे पाहिलं. ते बराच वेळ तंबाखू मळत होते, मळून झाल्यावरही मळत होते.

"धाड," ते म्हणाले. "नासकाच मणी धाड. पण आधी चालवून बघ."

मी तीनदा चालवून पाहिला. तिन्ही वेळा पडला. मग पाठवला.

शनिवारी सकाळी सातला उत्तर आलं होतं. 'उत्तम! असा छोटा आणि नेमका नमुना क्वचित येतो. कोणत्या साधनानं कापलात? दुरुस्तीला काही दिवस लागतील. तोवर दोन्ही वाटा सारख्याच असल्यामुळे तुम्ही हातानं त्यांची एक करा, म्हणजे प्रोग्रॅम बांधला जाईल.'

साधनाच्या प्रश्नाला मी लिहिलं, 'काकू.' त्यांना ते नवीन सॉफ्टवेअर वाटलं असावं, कारण नंतर त्यांनी विचारलं की ते कुठे मिळतं.

हातानं एक करायचं म्हणजे एकच नियम ठेवायचा आणि त्याला एकच नाव द्यायचं. मी बोटं टेकवून बसलो होतो. येवल्याची बस गाठायची तर काकूला दहाला नाशिकला सोडायला हवं होतं. तिची पिशवी अजून खुंटीवर रिकामी होती.

"कोणाचं नाव ठेवू?"

काका दाराकडे तोंड करून उभे होते. "तिचंच ठेव," ते म्हणाले. "माहं काय, मी इथंच हाय."

मी काकूचा नियम ठेवला. पंखा ओरडायला लागला. या वेळी वर पातेलं नव्हतं, काकूनं दोन्ही हात ठेवले होते. ओळी धावल्या, धावल्या आणि संपल्या. कोणी पडलं नाही. मिनिटभरानं काकूच्या कमरेला खोचलेला मोबाईल टुंग वाजला. 'पान कोरडे. फवारणी नको.' काकूनं तो निरोप वाचला, उठली, बागेत गेली, पाईपाशेजारच्या पानाला हात लावला आणि परत आली.

"कोरडंच आहे," ती म्हणाली आणि खुंटीवरची पिशवी काढली.

ती येवल्यात आठ दिवस राहिली. त्या वीतभर पैठणीला दोघी बहिणींनी किती गप्पा विणल्या असतील याचा हिशेब मी करत नाही, एवढंच सांगतो की मावशीच्या म्हणण्याप्रमाणे काठातल्या शेवटच्या मोराची मान जरा वाकडी आली, कारण तेव्हा काकू तिला कंपायलरची गोष्ट सांगत होती. मधल्या एका दिवशी कंपायलरवाल्यांचंही पत्र आलं. बिघाड दुरुस्त झाला होता. तो पुन्हा कधी शिरू नये म्हणून आमच्या नऊ ओळी त्यांनी आपल्या कायमच्या चाचण्यांत घातल्या होत्या. यापुढे तो कंपायलर जगात कुठेही नव्यानं तपासला गेला की आमच्या काका-काकूचं भांडण त्याच्यापुढे लावून बघणार. फक्त त्यांनी विचारलं होतं, त्यातले 'काका' आणि 'काकू' हे दोन शब्द कसले आहेत, त्याऐवजी साधी अक्षरं टाकली तर चालेल का? मी काकूला फोन केला. ती म्हणाली, "नावं बदलू नका म्हणावं. भांडण मोठ्या मेहनतीनं टिकवलंय."

पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला तिचाच फोन आला.

"ऐक. रोज पावणेसहाला पान एकदम ओलं दाखवतं आणि दोन मिनिटांत कोरडं होतं. चार दिवस बघतेय. दव कधी असं पडतं का?"

"पट्टी बिघडली असेल. बघून येतो."

"पट्टी नाही बिघडली. उद्या लवकर उठ आणि लांबून बघ. आणि आवाज करू नको."

दुसऱ्या दिवशी मी पावणेसहाला शेडच्या आडोशाला उभा राहिलो. काका चूळ भरून, तोंडावर पाण्याचा हबका मारून ओल्या हातानंच बागेत शिरले. पहिल्या ओळीपासून पानांना हात लावत निघाले, तळव्याची मागची बाजू लावत, अगदी काकूसारखी. पाईपापाशी आले, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्या पट्टीलाही पान समजून हात लावला. मग मान हलवली. त्यांना ती कोरडीच लागली असणार.

मी काकूला सांगितलं. पलीकडे मागाची खटखट ऐकू येत होती, तीसुद्धा थांबली.

"त्यांना सांगू का, हात लावू नका म्हणून?"

"काही सांगू नको," काकू म्हणाली. "लावू दे. तू तुझं यंत्र सुधार."

मग मी प्रोग्रॅममध्ये आणखी एक नियम घातला: पावणेसहाला आलेली आणि दोन मिनिटांत गेलेली ओल मोजू नये. शेजारी खुलासा लिहिला, 'काका.' हा नियम मी बाहेर पाठवताना झाकला नाही. दोनदा बांधून पाहिला. दोन्ही वेळा कंपायलर एका शब्दानं बोलला नाही.